ओव्हरऑइलिंग की ओव्हरहॉलिंग? जुन्या हबातले सुटे छर्रे आणि तुमची मजुरी



गावाकडच्या किंवा पेठेतल्या जुन्या सायकल दुकानाची पाटी आठवून बघा. "येथे पंक्चर काढून मिळेल, ओव्हरऑइलिंग करून मिळेल." लहानपणी मला खरंच वाटायचं की 'ओव्हरऑइलिंग' म्हणजे सायकलला भरपूर तेल घालणं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. म्हणजे सगळं खोलायचं, धुवायचं, तपासायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा नीट बसवायचं. शब्द बदलला तसं अनेक ठिकाणी कामही बदललं. खोलायचं काम मागे पडलं आणि नुसतं तेल घालायचं राहिलं.

आजचा लेख या दोन शब्दांमधल्या फरकावर आहे. व्हिडिओमध्ये जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाचा हब खोलून दाखवला होता. त्याखाली खूप जणांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "सर, आम्ही सगळं तसंच केलं, तरी चाक आठ दिवसांत पुन्हा आवाज करतं, असं का?" आणि दुसरा, "याचे पैसे किती घ्यायचे?" दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते सांगायच्या आधी माझीच एक चूक सांगतो.

माझी चूक : गवळीकाकांचं चाक

कराडला माझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथं हाताखाली असायचो. एके दिवशी मामा बाहेर गेलेला, आणि एक गवळीकाका सायकल घेऊन आले. मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, रोजचा वीसेक किलोमीटरचा फेरा. "मागचं चाक हलतंय रं, बघ जरा," म्हणाले. मी हब खोलला. दोन छर्रे फुटलेले होते. डबीत नवे छर्रे होते, त्यातले दोनच काढून जुन्यांत मिसळले. वरून बोटभर ग्रीस भरलं. मग चाक अजिबात हलू नये म्हणून कोन चांगला ताकद लावून आवळला. चाक हलायचं थांबलं. काका खूश, मी त्याहून खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका सायकल ढकलत आले. चाक जाम झालं होतं. अर्ध्या घरांना दूध पोचलंच नव्हतं. मामा मला एक शब्द बोलला नाही. त्यानं स्वतःची सायकल काढली, काकांच्या किटल्या तिला लावून दिल्या आणि त्यांना आधी रतीब घालायला पाठवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आवळलं म्हंजी दुरुस्त झालं व्हय? आता परत खोल. मी नुसतं बघतो."

ते काम आम्ही फुकट केलं. वर नवा कोन, सगळे नवे छर्रे, आणि मामाचे दोन तास. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. सुट्या छर्ऱ्यांच्या कामात ग्राहक छर्ऱ्यांचे पैसे देत नाही. दोन-पाच रुपयांच्या गोळ्या त्याला कुठंही मिळतात. तो पैसे देतो ते कोन किती आवळायचा आणि कुठं थांबायचं, हे कळणाऱ्या हाताला. पुढं जे काही सांगतोय ते सगळं याच्याभोवती आहे.

आधी आतली रचना समजून घेऊ

ज्यांनी कधी हब खोललेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाकाच्या मधला नळकांड्यासारखा भाग म्हणजे हब. त्याच्या दोन्ही तोंडांना पोलादी वाट्या घट्ट बसवलेल्या असतात. मधून अ‍ॅक्सल जातो. अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंनी आट्यांवर फिरणारा एक निमुळता नट असतो, त्याला कोन म्हणतात. आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार, म्हणून हे नाव. वाटी आणि कोन यांच्यामध्ये जी गोल पन्हळ तयार होते, तिच्यात छर्रे सुटे भरलेले असतात. कोनाच्या बाहेर वॉशर आणि त्याच्या बाहेर चेकनट. कोन हलू नये म्हणून त्याला मागून दाबून धरायचं काम चेकनटचं.

आता नीट लक्ष द्या. सायकल चालते तेव्हा अ‍ॅक्सल आणि कोन जागेवर स्थिर असतात. फिरतात ते हब आणि वाट्या. वजन वरून येतं, म्हणजे कोनाची खालची बाजूच सतत दाब सोसते. वाटी फिरत असल्यामुळं तिच्यावरचा दाब सगळीकडं वाटला जातो. म्हणून बहुतेक जुन्या हबात कोन आधी खराब होतो आणि तोही पूर्ण गोल नाही, तर एकाच कमानीत. कोन हातात घेऊन फिरवून बघा. तीन बाजू चकचकीत आणि एका बाजूला खड्डे, असं खूपदा दिसेल.

ही व्यवस्था तशी बरीच जुनी. पॅरिसमधले सायकल मेकॅनिक ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. मुद्दाम सांगतोय, कारण हे काम एका मेकॅनिकच्या डोक्यातून आलंय. आपल्या धंद्याला कमी समजू नका!

मग ही पद्धत संपली का नाही?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आता तर बंद बेअरिंग येतात, ठोकून काढायचं आणि नवं ठोकायचं, मग हे जुनं कशाला शिकायचं? यासाठी एक उदाहरण बघू, आपल्या सायकलीचंच चुलत भावंडं म्हणा ना. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागात जे स्केटबोर्ड होते, त्यांच्या चाकांतही सुटेच छर्रे असायचे. एका बाजूला कोन, वर नट. फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनची 'कॅडिलॅक' चाकं बाजारात आणली. त्याआधीची मातीच्या मिश्रणाची चाकं खड्याला अडकून पोराला तोंडावर पाडायची. युरेथेनचं चाक रस्ता धरून ठेवायचं. पण चाक सुधारलं तरी आत छर्रे सुटेच होते. पोरं दिवसभर खेळणार, नट सैल होणार, छर्रे रस्त्यावर सांडणार, आणि पुन्हा बसून भरत बसणार. १९७५ मध्ये सांताक्रूझच्या एनएचएस कंपनीनं 'रोड रायडर' नावाची चाकं आणली. त्यांत तयार, बंद, अचूक मापाचं बेअरिंग बसवलेलं होतं. थोड्याच वर्षांत सुटे छर्रे स्केटबोर्डमधून जवळपास गायब झाले. आज स्केटबोर्डमध्ये जे ६०८ नंबरचं बेअरिंग सर्रास असतं, त्याचं माप ८ मिमी भोक, २२ मिमी बाहेरचा व्यास आणि ७ मिमी जाडी. काढा आणि नवं घाला, संपलं.

यातून धंद्याचा धडा काय? सुट्या छर्ऱ्यांचा दोष एकच होता : त्यांना सतत समजूतदार हात लागतो. खेळणाऱ्या पोराकडं तो हात नव्हता, म्हणून तिथं ही पद्धत गेली. सायकलीत ती टिकली, कारण ती स्वस्त आहे, तिरका दाब चांगला सोसते, आणि झीज झाली तर कोन थोडा पुढं घेऊन पुन्हा जुळवता येते. शिमानोसारखी मोठी कंपनी आजही आपल्या कितीतरी हबांत वाटी-कोनच वापरते. म्हणजे जो 'सतत लागणारा हात' हा तिचा दोष होता, तोच तुमचा रोजगार आहे. तो हात तुमच्याकडं असेल तरच, अर्थात.

आणि कोणी आजोबांची सायकल किंवा परदेशातून आणलेला जुना स्केटबोर्ड घेऊन आला, तरी घाबरू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या दोन्हीकडं त्याच आहेत. फक्त छर्ऱ्याचं माप आणि संख्या प्रत्येक वस्तूची वेगळी, ती मोजूनच घ्यायची.

कामाच्या पायऱ्या

१. खोलायच्या आधी बघा आणि लिहा. रिम धरून चाक डावी-उजवीकडं हलवा. टकटक जाणवली तर प्ले आहे. मग चाक उचलून हळू फिरवा आणि दुसरा हात फ्रेमवर ठेवा. आत खरखर असेल तर ती हाताला लागते, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे ते पट्टीनं मोजून कार्डावर लिहा. हे विसरलात तर शेवटी चाक चिमट्यात मधोमध बसणार नाही आणि कारण शोधण्यात अर्धा तास जाईल.

२. एकच बाजू खोला. पुढच्या चाकाची कुठलीही. मागच्या चाकाची मात्र फ्रीव्हीलच्या विरुद्धची, म्हणजे डावी बाजू. दुसऱ्या बाजूचा कोन आणि चेकनट तसेच घट्ट राहू द्या, म्हणजे अ‍ॅक्सलची जागा हलत नाही. चेकनट सोडवताना कोन धरायला पातळ पाना लागतो. जाड पाना कोनाच्या चपट्या बाजूत बसतच नाही, आणि पक्कडीनं धरलात तर कोनाचे कान खाल. हा पातळ पाना विकत घ्या, टाळू नका.

३. परातीत काम करा. खाली परात, परातीत जुना पांढरा कपडा. अ‍ॅक्सल हळू बाहेर ओढा. छर्रे कपड्यावर पडतील, काही ग्रीसला चिकटून वाटीतच राहतील. डाव्या बाजूचे एका वाटीत, उजव्या बाजूचे दुसऱ्या वाटीत. मोजा आणि लिहा. नेहमीच्या सायकलीच्या पुढच्या हबात साधारण ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिमीचे, एका बाजूला दहा छर्रे असतात. मागच्यात १/४ इंचाचे, म्हणजे ६.३५ मिमीचे, एका बाजूला नऊ. पण आधीच्या माणसानं कमी घातले असतील, दोन मापं मिसळली असतील, असंही होतं. म्हणून व्हर्नियरनं मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

४. धुवा. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे. आता ते सहज मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल वापरू नका. ते झटकन वाफ होतं आणि दुकानात कोणी काडी ओढली तर काय होईल ते सांगायला नको. जुना टूथब्रश, फडकं, हातमोजे. वाटीत काळं काही उरता कामा नये. शेवटी कोरड्या कपड्यानं पुसून पूर्ण सुकू द्या.

५. तपासा. ही खरी परीक्षेची पायरी आहे. उजेडात वाटी आणि कोन बघा. छर्रा जिथं फिरतो तिथं एक चकचकीत रेघ दिसेल. रेघ गुळगुळीत असेल तर उत्तम. तिच्यावर बारीक खड्डे असतील, देवीच्या व्रणांसारखे, तर तो भाग गेला. डोळ्याला शंका असेल तर साध्या बॉलपेनचं टोक त्या रेघेवरून अलगद फिरवा. कुठं अडकलं की समजायचं, तिथं खड्डा आहे. मग टेबलाच्या काचेवर अ‍ॅक्सल लोळवून बघा. टोकाला डुलला तर तो वाकलाय.

कोन गेला असेल तर कोन बदला. तो मिळतो आणि फार महाग नसतो. नवा घेताना जुना बरोबर न्या, कारण आट्या आणि उतार जुळले पाहिजेत. वाटी गेली असेल तर गोष्ट वेगळी. वाटी हबमध्ये दाबून बसवलेली असते आणि सुटी मिळणं अवघड. मग हबच बदलावा लागतो, म्हणजे सगळे स्पोक सोडून चाक नव्यानं विणावं लागतं. हे ग्राहकाला आत्ता, या क्षणी फोन करून सांगायचं. काम झाल्यावर नाही.

६. छर्रे सगळे नवे. माझ्या चुकीचं मूळ इथंच होतं. जुने छर्रे वापरून थोडे बारीक झालेले असतात. फरक डोळ्याला दिसत नाही, पण त्यांच्यात दोन नवे घातले की ते दोनच थोडे मोठे ठरतात. मग सगळा भार त्या दोघांवर येतो. तेच कोनाला खड्डा पाडतात आणि तेच फुटतात. म्हणून एकही छर्रा खराब दिसला तरी दोन्ही बाजूंचे सगळे बदलायचे, एकाच पाकिटातून. चांगले छर्रे घ्या. पाकिटावर ग्रेड लिहिलेली असते, आणि आकडा जितका लहान तितकी गोलाई अचूक. ग्रेड २५ आपल्या कामाला छान.

७. ग्रीस आणि भरणं. साधं लिथियम ग्रीस, घट्टपणा २ नंबरचा. वाटीत बोटानं ग्रीसची गादी करा आणि तिच्यात छर्रे एकेक करून रोवा. चिमट्याऐवजी बोट वापरलं तरी चालतं, चिकटतात. किती भरायचे? वाटी भरेल तितके भरा आणि एक काढून घ्या. सगळ्यांना सरकवल्यावर थोडी फट उरली पाहिजे. अगदी ठासून भरले तर ते एकमेकांवर घासतात. दोन-तीन कमी घातले तर उरलेल्यांवर भार वाढतो. वरून ग्रीसचा एक थर, मग अ‍ॅक्सल अलगद आत.

इथं पुन्हा त्या 'ओव्हरऑइलिंग'ची गोष्ट. काही जुन्या हबच्या मधोमध तेल घालायचं भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते. ते हब तेलावर चालायचे आणि वारंवार तेल मागायचे. पण ग्रीस भरलेल्या हबात वरून पातळ तेल सोडलं तर ते ग्रीसला पातळ करून बाहेर वाहून नेतं. दोन दिवस चाक गुळगुळीत फिरतं, ग्राहक खूश, आणि महिन्याभरात हब कोरडा. एक काहीतरी ठरवा. तेल तर तेल, ग्रीस तर ग्रीस.

८. जुळवणी. कोन बोटांनी फिरवत न्या, तो छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. मग साधारण अष्टमांश ते पाव फेरा मागं घ्या. आता कोन पातळ पान्यानं धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्यानं चेकनट त्याच्यावर घट्ट करा. चेकनट आवळला की तो कोनाला आट्यांमधल्या सुटीइतका आत ढकलतो. म्हणजे चेकनट लावायच्या आधी जे बरोबर वाटतं, ते लावल्यावर घट्ट होतं. बहुतेक नवशिके इथंच फसतात. आधी थोडं सैल ठेवायचं, लावल्यावर तपासायचं, परत सोडायचं, परत लावायचं. तीन-चार वेळा तरी. मला आजही पहिल्या फटक्यात जमत नाही.

बोटांनी अ‍ॅक्सल फिरवून बघा. लोण्यासारखा फिरला पाहिजे. वाळू दळल्यासारखं लागलं तर घट्ट आहे. अ‍ॅक्सल वर-खाली टकटक हलला तर सैल आहे. एक बारकावा सांगतो. चाक साध्या नटांनी बसत असेल तर प्ले हातातच शून्याला आणा. पण चाकाला क्विक रिलीझची दांडी असेल तर हातात किंचित प्ले राहू द्या. दांडी दाबली की पोकळ अ‍ॅक्सल थोडासा दबतो आणि तो प्ले आपोआप जातो. हातात शून्य केलंत तर सायकलीवर चढवल्यावर ते घट्ट होणार.

९. शेवटची परीक्षा. चाक चढवा. वॉल्व्हची बाजू सहसा थोडी जड असते. वॉल्व्ह घड्याळातल्या तीनच्या जागी आणा आणि चाक अलगद सोडा. हब चांगला जुळला असेल तर चाक स्वतःहून खाली फिरेल, पुढं जाईल, परत येईल, आणि झोक्यासारखं हलत हलत वॉल्व्ह खाली ठेवून थांबेल. मध्येच अडलं तर अजून घट्ट आहे. मागच्या चाकाला चेन आणि फ्रीव्हीलचा अडथळा असतो, म्हणून तिथं चेन उतरवून बघा. ही परीक्षा ग्राहकासमोर करा. त्याला कळलं पाहिजे की आपण कशाचे पैसे देतोय.

आणि हो, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलच्या आतही अगदी बारीक सुटे छर्रे असतात. हौस म्हणून उघडू नका. ते जमिनीवर सांडले की तुमचा दिवस गेला. फ्रीव्हील खराब असेल तर बदला.

आता मजुरीचा हिशोब

मित्रांनो, मी बघतो, बहुतेक जण मजुरी अशी ठरवतात : "शेजारचा किती घेतो? मग मी दहा रुपये कमी घेतो." शेजारच्याचा खर्च तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्याची जागा स्वतःची असेल. कदाचित तो नुसतं तेल घालत असेल. त्याच्या भावावर तुमचं दुकान चालवू नका.

असा हिशोब करा. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुम्हाला घरखर्चासाठी महिन्याला ३०,००० रुपये काढायचे आहेत. दुकानाचं भाडं आणि वीज मिळून ६,००० रुपये. एकूण ३६,०००. महिन्यात २५ दिवस काम. दुकान दहा तास उघडं असलं तरी प्रत्यक्ष हात चालतो आणि पैसे मिळतात असे तास दिवसाला सहाच धरा. बाकीचे बोलण्यात, सामान आणण्यात आणि चहात जातात. २५ गुणिले ६, म्हणजे १५० तास. ३६,००० भागिले १५० म्हणजे तासाला २४० रुपये.

पुढचा हब नीट करायला सराव झाल्यावर पाऊण तास लागतो असं धरू. म्हणजे मजुरी १८० रुपये. छर्रे, ग्रीस, एक कोन, फडकं, डिझेल मिळून समजा ६० रुपये. एकूण २४०. आता बघा, यात छर्ऱ्यांचे पैसे किती आणि तुमच्या हाताचे किती!

आता माझ्या गवळीकाकांच्या चाकाचा हिशोब. तेच काम परत आलं आणि फुकट करून दिलं, तर पुन्हा पाऊण तास आणि पुन्हा ६० रुपयांचं सामान. म्हणजे ४८० रुपयांचं काम करून हातात २४०. तुम्ही घाईनं वाचवलेल्या दहा मिनिटांची किंमत बरोबर एका अख्ख्या कामाइतकी झाली. यात त्या माणसाचा गेलेला धंदा आणि तो चार जणांना काय सांगेल ते धरलेलंच नाही.

म्हणून मी म्हणतो, नवशिक्यानं पहिले दहा हब वेळ लावून करावेत. पहिल्याला दीड-पावणेदोन तास लागतील. पण ग्राहकाकडून पाऊण तासाचीच मजुरी घ्या. उरलेला वेळ तुमची शिकवणी फी समजा. प्रत्येक कामाला लागलेला वेळ वहीत लिहा. दहाव्यापर्यंत वेळ आपोआप खाली येईल. तो घाई करून खाली आणू नका.

एक साधं कार्ड

मामाच्या दुकानात खडूनं भिंतीवर लिहायचे. तुम्ही वही किंवा मोबाइल वापरा. प्रत्येक चाकाला सात गोष्टी : तारीख, ग्राहकाचं नाव, छर्ऱ्यांचं माप, दोन्ही बाजूंची संख्या, कोनाची अवस्था, वाटीची अवस्था, लागलेला वेळ. कोन खराब निघाला तर त्याचा फोटो काढा आणि जुने सुटे भाग छोट्या पिशवीत घालून ग्राहकाच्या हातात द्या. "हे बघा काका, इथं खड्डा पडला होता." एवढं केलंत की भावावरून घासाघीस निम्म्यानं कमी होते. ग्राहकाला न दिसणारं काम त्याला नेहमी महाग वाटतं.

आणखी एक. नवे छर्रे आणि नवा कोन पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये जागेवर बसतात, त्यामुळं किंचित प्ले येऊ शकतो. म्हणून आपणच सांगायचं, "पंधरा दिवसांनी या, पाच मिनिटांत तपासून देतो, पैसे नाहीत." ही मोफत सेवा तुम्हाला पाच मिनिटांची पडते. न सांगता तो तक्रार घेऊन आला तर ती तक्रार असते. तुम्ही सांगितल्यावर आला तर ती तुमची काळजी असते. आला की ब्रेकचे रबर आणि चेनही बघून घ्या, पुढचं काम तिथंच ठरतं. त्याच वेळी बजावून ठेवा की गाडी धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा हबवर मारायचा नाही. पाणी आत गेलं की ग्रीस गेलं.

नाही म्हणायलाही शिका. वाटीत खड्डे आहेत आणि ग्राहक म्हणतोय, "राहू द्या हो, नुसतं ग्रीस भरा." तर स्पष्ट सांगा की महिनाभर चालेल, नंतर नाही, आणि कार्डावर तसं लिहून त्याची सही घ्या. किंवा काम नाकारा. पाटीवर 'ओव्हरहॉलिंग' लिहायचं आणि आत ओव्हरऑइलिंग करायचं, यापेक्षा नाकारलेलं बरं.

शेवटी मामाचं

त्या दिवशी संध्याकाळी मी ते चाक चौथ्यांदा जुळवलं. मामानं अ‍ॅक्सल बोटांत धरून फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "हां. आता गप बसलंय." नंतर पुढची काही वर्षं गवळीकाका मामाकडंच येत राहिले. मी दिसलो की हसून विचारायचे, "आज कोण आवळणार?"

या आठवड्याचा गृहपाठ : घरातली किंवा शेजारची एक पडून असलेली जुनी सायकल घ्या. पुढचा हब वरच्या नऊ पायऱ्यांनी करा. कार्ड भरा. वेळ लिहा. वॉल्व्हच्या परीक्षेत चाक किती वेळा झुललं ते मोजा. आणि मग कागदावर तुमचा स्वतःचा तासाचा भाव काढा, शेजारच्याला न विचारता.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!